पहिला घास बायकोचा

बायकोने पहिला घास घेतला आणि समीक्षकाने श्वास रोखून धरला.

सँडविच इटालियन होतं. दुकान नवंकोरं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास येतोय, असं आत शिरताना बायको म्हणाली. समीक्षकाला तो येत नव्हता. त्याला कसलाच वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि जाताना त्याच्या तोंडाची चव घेऊन गेला. नाकही रिकामं करून गेला. ही गोष्ट त्याने डॉक्टरांशिवाय कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. कारण बायकोला सांगितलेलं मेहुणीला कळतं, आणि मेहुणीला कळलेलं पुन्हा वर्तमानपत्रात छापायची गरज उरत नाही. याचं तर पोटच वर्तमानपत्रावर होतं. दर रविवारी तो शहरातल्या एखाद्या हॉटेलवर लिहायचा आणि सोमवारी ते हॉटेल भरून वाहायचं, नाहीतर ओस पडायचं. जीभ गेलेला समीक्षक म्हणजे गळा गेलेला गवई. फरक इतकाच, की गवयाचं लोकांना लगेच कळतं.

मग त्याने तोड काढली. जन्मभर एकटा जेवायला जाणारा हा माणूस बायकोला बरोबर नेऊ लागला. पहिला घास तिचा. ती खायची आणि हा तिचा चेहरा वाचायचा. भुवया वर गेल्या की ‘केवळ स्वर्गीय’. नाक मुरडलं की ‘शिळेपणाची झाक’. ओठाचा कोपरा खाली आला की ‘मिठाच्या बाबतीत हात आखडता’. मग तो स्वतः चार घास गिळायचा आणि घरी जाऊन लिहायला बसायचा.

बायको सुरुवातीला हरखली होती. ‘म्हातारपणी का होईना, सुचलं म्हणायचं,’ असं तिने बहिणीला फोन करून सांगितलं. पहिले दोन-चार लेख गोड उतरले. पुढे तिचा चेहरा आंबत गेला आणि त्याबरोबर लेखही. वयाप्रमाणे याची जीभ अधिकच धारदार झाली, असं वाचक म्हणू लागले. संपादकांनी त्याचा फोटो मोठा केला.

आता बायको चावत होती. जाड, तेलाने चकचकणारा पाव, आत भाजलेलं वांगं, टोमॅटो, पांढरंशुभ्र चीज. समीक्षक कोपरं टेबलावर टेकून पुढे झुकला. बायकोच्या कपाळाला आठी पडली. तिने घास कसाबसा गिळला, वर पाण्याचा घोट घेतला आणि सँडविच बशीत ठेवून दिलं.

‘संपलं,’ समीक्षक मनात म्हणाला. त्याला शीर्षकसुद्धा सुचलं: ‘पावात हरवलेली इटली’.

तेवढ्यात मालकीणबाई एप्रनला हात पुसत टेबलापाशी आल्या. वय तिशीच्या आसपास, कोपरापर्यंत मैदा.

“सर, ओळखलंत का मला?”

समीक्षकाने ओळखलं नव्हतं. त्याचा आचाऱ्यांशी परिचय कायम ताटापुरताच.

“नदीकाठी माझं छोटं रेस्टॉरंट होतं. ‘हे सूप पिताना माणसाला आपली पापं आठवतात,’ असं लिहिलं होतंत तुम्ही. नंतर गिऱ्हाईक फिरकलंच नाही. टाळं लावलं.” हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात त्या बोलत होत्या. “भांडायला नाही आले मी. पण त्या सूपमध्ये काय चुकलं ते मला आजवर कळलेलं नाही. किती वेळा करून पाहिलं, किती जणांना पाजलं. म्हणून या वेळी छापायच्या आधी तोंडावर सांगा. काय बिघडलं असेल ते आत्ता बदलते. हेही बंद पडलं, तर तिसऱ्यांदा उभं राहायचं बळ नाही माझ्यात.”

समीक्षकाने सँडविच उचललं आणि एक मोठा घास घेतला. नेहमीप्रमाणे ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. तो बराच वेळ चावत राहिला. चावणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही. पण घास तरी किती पुरणार? मालकीणबाई हलायला तयार नव्हत्या.

शेवटी त्याला युक्ती सुचली.

“माझं राहू द्या,” तो उदारपणे म्हणाला. “आम्ही काय, पोथीपंडित. साधं गिऱ्हाईक काय म्हणतं ते खरं. सांग गं, काय खटकलं तुला?”

“मला?” बायको दचकली. “काही नाही. चांगलं आहे की! वांगं तर किती मऊ भाजलंय.”

“चांगलं आहे? मग तोंड का वाकडं केलंस?”

बायकोने एकदा मालकीणबाईंकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. दोन वर्षं मनात ठेवलेलं बाहेर यायला परकं माणूसच समोर लागतं.

“अहो, घास तोंडात घातला की तुम्ही डोळे वटारून बघत बसता. ही किती खाते ते मोजताय, असं वाटतं. मान्य आहे, सुटलेय मी थोडी. पण बाहेर जेवायला आणायचं आणि असं टपून बसायचं! मग कुणी अमृत वाढलं तरी ते घशाखाली उतरेल का?”

समीक्षकाने हातातलं सँडविच बशीत ठेवलं. मालकीणबाई हळूच समोरच्या खुर्चीत बसल्या.

“काकू,” त्यांनी विचारलं, “नदीकाठीही तुम्हीच होता यांच्याबरोबर?”

“होते ना! काय सुरेख सूप होतं गं ते,” बायको म्हणाली. “पण तुझ्याकडे दिवे इतके मंद, की हे खुर्ची ओढून माझ्या वाडग्यापाशीच येऊन बसले.”