आमची विद्यार्थिनी

चितेगावच्या सोनियाला अकरावीत असतानाच शहरातल्या एका क्लासमध्ये पहिली नोकरी लागली. कॉलेज सुटलं की रिसेप्शनवर बसायचं, पालकांना माहिती द्यायची. तिसऱ्या दिवशी दारावर फ्लेक्स लागला. त्यावर तिच्या अर्जावरचाच फोटो होता, दहावीचे शहाण्णव टक्के होते आणि खाली लिहिलं होतं, ‘आमची विद्यार्थिनी’. सोनियाचं डोकंच फिरलं. “सर, मी गावातल्या शाळेत शिकले!” “नोकरी हवीय ना? मग गप बस,” क्लासचे सर म्हणाले. तेवढ्यात पाचोडहून एक बाई लेकीला घेऊन आल्या. फ्लेक्सकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं, “व्हय गं, तू इथंच शिकलीस?” सर तिच्याकडे रोखून बघत होते. “नाय मावशी,” सोनिया मोठ्यानं म्हणाली, “इथं मी एक अक्षरसुद्धा शिकले नाय.” “चालती हो!” सर ओरडले. सोनिया तरातरा जिना उतरली. मागोमाग त्या मायलेकीही उतरल्या.