ऑपरेटर हजर

संयोगिताने विंडोजच्या मशीनवरची काळी खिडकी बंद केली आणि घड्याळाकडे बघत बसली. शेजारच्या पडद्यावर नोंदी पडत होत्या. एक मिनिट झालं. ‘ऑपरेटर हजर.’ दुसरं मिनिट. ‘ऑपरेटर हजर.’

तिचं काम एवढंच होतं. प्रोग्रामपुढे त्या काळ्या खिडकीचं एक खोटं टर्मिनल मांडायचं, म्हणजे समोर खरा माणूस बसलाय असं त्याला वाटतं. मग माणूस उठून गेल्यासारखं ते टर्मिनल काढून घ्यायचं आणि प्रोग्रामला ते कळतं का, हे बघायचं. लिनक्सवर कळत होतं. मॅकवर कळत होतं. दोन्हीकडे खिडकी मिटल्याबरोबर नोंद पडली होती : ‘ऑपरेटर नाही. पंप चालू होणार नाही.’ विंडोजला पत्ताच नव्हता. आणि कडेगावकडच्या पाणी योजनेच्या ज्या पंपघरात हा प्रोग्राम आठवड्यापासून चालू होता, तिथे विंडोजच होतं.

तिने जुना अहवाल उघडला. विंडोज : पास. तारीख अकरा, सकाळी साडेदहा. तपासले : संयोगिता.

अकरा तारखेला साडेदहा वाजता ती साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर उकिडवी बसून वडिलांच्या अस्थी वेचत होती. भाऊ नव्हता, म्हणून तीच. राख अजून कोमट होती.

अहवालाची छापील प्रत घेऊन ती उठली आणि वीरधवल सरांच्या केबिनमध्ये गेली. विश्रामबागेतल्या त्या तीन खोल्यांच्या कंपनीचे मालक तेच आणि साहेबही तेच.

“सर, इथे माझं नाव कुणी घातलं?”

वीरधवलने कागद वाचला. “मीच. अगं, अशा वेळी तुला कशाला फोन करायचा? माणुसकी म्हणून केलं.”

“आणि तपासलं कुणी?”

“लिनक्सवर पास, मॅकवर पास. विंडोज काय वेगळे दिवे लावणार आहे? रकाना रिकामा ठेवून चालत नाही. कुणाचं तरी नाव लागतं.”

“मी नव्हते सर इथे.”

“तेच म्हणतोय मी. तुझी गैरहजेरी कुठे दिसू दिली नाही.” तो हसला. “आणि चालू कामात खिडकी बंद करतंय कोण?”

संयोगिताने फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्याच्या टेबलावर ठेवला. पंपघराचा ऑपरेटर जोतीराम. त्याच्या तोंडात घास होता.

“बोला ताई.”

“जोतीरामदादा, कुठे आहात?”

“घरी. जेवाय बसलोय. पंपाच्या मागंच हाय की घर.”

“स्क्रीन चालू आहे?”

“न्हाई वं, बंद करून आलोय. हिंदुराव फिटर खाली खड्ड्यात उतरलाय, पंपाच्या पंख्यात गवत अडकलंय ते काढतोय. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, खिडकी बंद केली की पंप आपसूक चालू हुनार न्हाई?”

तिने भिंतीकडे पाहिलं. दोनला दहा कमी. शेतीची लाईट दोनला यायची. लाईट आली आणि ऑपरेटर हजर असला, की प्रोग्राम पंप चालू करी.

“दादा, ताट सोडा. पळा. पंपाचा मेन स्विच ओढून बंद करा आणि हिंदुरावांना वर काढा. आत्ताच्या आत्ता.”

“का वं? तुमी तर...”

“मी काही तपासलेलं नाही दादा. पळा!”

ताट कलंडल्याचा आवाज आला. मग नुसती धाप.

वीरधवल उभा राहिला होता. तो फोनवर वाकला. फोनमध्ये धाप आणि दगडावर पडणारी पावलं. मग एक दार. मग लोखंडाचा खटका.

“वढला!” जोतीराम ओरडला. “ए हिंदुराव, भाईर ये! ये म्हनतोय न्हवं!” आणि थोड्या वेळाने, “आला वर ताई. मलाच शिव्या देतोय. अर्धं गवत आतच ऱ्हायलं म्हनतोय.”

वीरधवल खुर्चीत बसला. त्याने रुमालाने मान पुसली. “चला, वाचलो,” तो म्हणाला. “आता असं कर. ती नोंद गुपचूप काढून टाक आणि आजच्या तारखेची घाल. विषय संपला.”

संयोगिताने त्याच्याच टेबलावरचा कीबोर्ड आपल्याकडे ओढून तो अहवाल उघडला. जुनी नोंद तिने काढली नाही. तिच्याखाली लिहिलं : ‘अकरा तारखेला मी इथे नव्हते. सातारला वडिलांच्या अस्थी वेचत होते. विंडोजवर ही तपासणी झालेली नाही. आज केली. नापास.’

“अगं, योजनेची माणसं वाचतील हे!”

“हो.”

“एवढं घरचं लिहायची काय गरज आहे?”

“तुम्ही मला कागदावर तिथून उठवून इथे आणून बसवलंत सर,” ती म्हणाली. “मी परत तिथे जाऊन बसले. एवढंच.”

तिने अहवाल योजनेच्या माणसांना पाठवून दिला.

दोन वाजले. पडद्यावर पंपघराकडची नवी ओळ उमटली : ‘वीज आली. ऑपरेटर हजर. पंप चालू केला.’

मेन स्विच बंद होता. टेबलावरच्या फोनमधून पंपाचा आवाज नाही, हिंदुरावच्या शिव्याच अजून येत होत्या. मोठमोठ्याने, दम लागेपर्यंत. वीरधवलने फोनकडे बोट केलं. तिने तो बंद केला नाही.