बोलकं यंत्र

वृद्धांचा एकटेपणा घालवणारं बोलकं यंत्र तिनं पीएचडीसाठी तयार केलं होतं. ते एका निवृत्त नर्सआजींच्या आतल्या खोलीत बसवून ती दर आठवड्याला बाहेरच्या खोलीत बसून प्रश्नावली भरून घ्यायची. सहा महिन्यांत आजींची झोप सुधारली, भूक वाढली, रडणं थांबलं. गाईड बेहद्द खूश झाले.

शेवटच्या दिवशी यंत्र सोडवायला ती आत गेली, तर तिथे नुसती वायर लोंबत होती.

"अगं, ते पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मास्तरांना देऊन टाकलं," आजी म्हणाल्या.

"आजी, माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा आहे हो! का दिलंत?"

"त्या बिचाऱ्यांकडे प्रश्न विचारायला कोणी येत नाही ना!"