खालचा ट्रे

तिसऱ्यांदाही दाखला साध्या कागदावरच आला.

लेसिएलीने तो उचलला आणि चुरगळून टोपलीत टाकला. पेनिसिमानीचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं, सगळं बरोबर होतं. कागद तेवढा चुकीचा होता. सरकारी मोहर छापलेला जाड कागद प्रिंटरच्या खालच्या ट्रेमध्ये होता आणि मशीन हट्टाने वरच्या ट्रेमधला साधा कागद ओढत होतं.

"झाला का गं, पोरी?" बाकावरून म्हाताऱ्याने विचारलं.

"होतोय, काका."

पेनिसिमानी अडुसष्ट वर्षांचा. टोंगा सोडून तो कधी कुठे गेला नव्हता, म्हणून दाखल्याची गरजच पडली नव्हती. सरकारी कचेरीत यायचं म्हणून आज त्याने तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला ठेवणीतली चटई बांधली होती. त्याची मुलगी सुलिएती ऑकलंडला इस्पितळात होती. ती जेमतेम आठवडा काढेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यातले दोन दिवस सरले होते. राजधानीत पुतण्याने पासपोर्टची, व्हिसाची, विमानाची तजवीज करून ठेवली होती. आता अडलं होतं फक्त जन्मदाखल्यावर. नोंद या बेटावरच्या जुन्या वहीत, त्यामुळे दाखला इथूनच निघायचा होता. राजधानीची बोट दोनला सुटायची, नंतरची थेट आठवड्याने. छोटं विमान मे महिन्यापासून बंदच होतं.

घड्याळात साडेबारा झाले होते.

मोहरेचा कागद वरच्या ट्रेमध्ये घालून तिने सकाळीच पाहिला होता. वरचा रस्ता वळणाचा. जाड कागद आत अडकला आणि फाटून बाहेर आला. दुसराही तसाच गेला. बाजूने एकेक कागद सरकवायची फट तर वर्षभर मोडलेली. दहातले आठ कागद उरले. तिने राजधानीला मोसेसेला फोन लावला. सगळ्या कचेऱ्यांचे प्रिंटर तो तिथूनच सांभाळायचा.

"ताई, मशीनला शिव्या घालून झाल्या का?" मोसेसे हसला.

"मोसेसे, माणूस खोळंबलाय. स्क्रीनवर मी ट्रे दोन निवडते, हे मेलं एकमधूनच ओढतं."

"सोमवारी इथून बदल केले ना, त्यात सगळ्यांचं ट्रे एक झालंय. मी नीट करतो, पण त्याला वेळ लागेल. तू असं कर, वरचा ट्रे रिकामा कर. वर काही मिळालं नाही की झक मारत खालचा घेईल."

"नक्की?"

"नक्की. आणि मशीन एकदा बंद करून चालू कर. तुंबलेलं सगळं मोकळं होईल."

लेसिएलीने वरचा साधा कागद काढून टेबलावर ठेवला. मशीन बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं. दिवा हिरवा झाला. आतून खालच्या ट्रेचं चाक फिरल्याचा आवाज आला, तसा तिचा जीव भांड्यात पडला.

"आला बघा, काका!"

म्हातारा उठून जवळ आला. पिवळसर कागद हळूहळू बाहेर सरकला. वर सोनेरी मोहर होती. मोहरेखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: समुद्रकाकडी पकडण्यास बंदी.

तिला क्षणभर काही कळेना. तोवर दुसरा आला. मग तिसरा.

"सेमिसी!" ती जिन्याकडे बघत ओरडली. "बंद कर! काय पाठवलंयस तू?"

वरच्या मजल्यावर मत्स्यखातं होतं, त्यांचंही छापणं याच मशीनवर व्हायचं. तिथून सेमिसीचा निवांत आवाज आला, "सकाळी पाठवलेली नोटीस गं. तीस प्रती. निघाल्या का एकदाच्या?"

तिने रद्दचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग गुडघ्यांवर बसून टेबलाखालची तार ओढून काढली. मशीन थांबलं. सात कागद बाहेर पडले होते आणि आठवा अर्ध्यावर दाताखाली सापडला होता. तिने तो बाहेर ओढला. मोहर मधोमध फाटली होती.

खालच्या ट्रेमध्ये आधी एकच कागद ठेवून बघायला हवं होतं. एवढं साधं तिला सुचलं नव्हतं.

तिने पासपोर्ट कचेरीला फोन केला. साध्या कागदावर सही-शिक्का देते म्हणाली, वहीच्या पानाचा फोटो पाठवते म्हणाली, वाटल्यास वहीच बोटीवर चढवते म्हणाली. पलीकडची बाई गोड बोलत होती. मोहर नसेल तर माणसाला उगाच पाठवू नका, बोटीने त्रास होतो, असं म्हणाली. साहेबांना द्या म्हटलं, तर साहेब जेवायला गेले होते.

लेसिएलीने तरीही उरलेल्या नोटिसा रद्द करवल्या, तार जोडली, दाखला साध्या कागदावर छापला, सही केली, शिक्का मारला. तो हातात घेऊन ती उभी राहिली.

"हा चालेल का?" पेनिसिमानीने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तो बोटीत बसला असता, रात्रभर उलट्या काढल्या असत्या आणि सकाळी तिथल्या खिडकीशी कोणीतरी त्याला नाही म्हटलं असतं.

"नाही चालणार, काका."

म्हाताऱ्याने मान हलवली. तो रागावला नाही. टेबलावरची एक नोटीस उचलून त्याने मोहरेवरून अंगठा फिरवला आणि होती तशी परत ठेवली.

"पुढच्या बोटीने नवे कागद येतील," ती घाईने म्हणाली. "पहिला तुमचाच काढेन. मी स्वतः घरी आणून देईन, काका."

"कशाला, पोरी," तो म्हणाला. "आता तीच येईल."