पुसलेला पेला

छ्यू मास्तरांनी सुया टोचून, दुखऱ्या पाठीतलं वाईट रक्त ओढून घ्यायला काचेचे पेले लावले आणि आठवड्याभरात रुओलानच्या आईची पाठ पुवानं भरली. आईला इस्पितळात ठेवून रुओलान तडक चेंगडूच्या गल्लीतल्या मास्तरांच्या दुकानात शिरली.

“पेले उकळता का हो कधी?”

“पुसतो की! वडिलांपासून हेच चालत आलंय. तुझ्या आईच्या रक्तातच घाण, त्याला मी काय करू?”

बाकावरची गिऱ्हाइकं खिदळली. रुओलानचं डोकं फिरलं. मास्तरांनी नुकताच एका म्हाताऱ्याच्या पाठीवरून काढलेला, रक्तानं माखलेला पेला तिनं उचलला, त्यांच्याच फडक्यानं खसाखसा पुसला.

“काढा सदरा. हा तुमच्या पाठीला लावते.”

मास्तर झटकन मागे सरले.

“वेडी आहेस का? आधी उकळ तरी!”