चोरखिसा

मशीनचं पायडल थांबवून बाबा म्हणाले, "सिस्टर, बर्फ पडायला लागला. जहाज सुटेल ना?"

बाहेर लख्ख दुपार होती. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाची तुसं तरंगत होती, ती बाबा बघत होते. मुलगी कापडाच्या ठाणाला टेकून तान्ह्या लेकीला पाजत बसली होती. सिस्टर म्हणजे सुटलेल्या कैद्यांना परत आणणाऱ्या जहाजावरची नर्स. अलीकडे ती बाबांच्या मनात वरचेवर येऊन बसायची. आपण सिस्टर नाही, हे मुलीने सकाळी सांगून पाहिलं होतं. मग नाद सोडला.

"सुटेल हो," ती म्हणाली. "तुम्ही ऊब धरून बसा."

बाबांनी पुन्हा पाय हलवला. जहाजाच्या पोटात इंजिन चालावं तशी मशीन घरघरत राहिली. बाळाचे डोळे मिटू लागले, तिचेही.

दारात तिचा थोरला दादा घुटमळत होता. मशीन विकत घ्यायला गिऱ्हाईक यायचं होतं. दादा काही दुष्ट नव्हता. मागच्या आठवड्यात सुई बाबांच्या नखातून आरपार गेली, तेव्हा त्यांचं बोट धरून रडला होता तोच. शिवाय शेजारच्या गुरुजींच्या सदऱ्याला बाबांनी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. गुरुजी सज्जन. "फळ्यावर लिहायला बरं," म्हणाले आणि सदरा घेऊन गेले.

"बाळाचं एवढं झबलं बाबांच्या हातून होऊ दे रे," तिने दादाला गळ घातली होती. "चोरखिसा लावला, तर समज त्यांचे हात काही विसरलेले नाहीत. मग मशीन राहू दे."

"आणि नाही लावला तर?"

"तर तू म्हणशील तसं."

चोरखिसा ही बाबांची खूण. तरुणपणी ते लढाईवर गेले आणि समुद्रापलीकडे शत्रूच्या छावणीत कैदी होऊन पडले. शिंपी म्हणून दिवसभर शत्रूचेच कोट सांधायचे. वाचवलेल्या धाग्याने मग आपल्या माणसांच्या सदऱ्यांना, आतून, काखेत, बोटभर खिसा. झडती घेणाऱ्याचा हात तिथे पोचत नसे. आजच्या पावातला तुकडा उद्यासाठी त्यात जायचा. "त्यानं पोट नव्हतं गं भरत," बाबा सांगायचे. "पण उद्या आहे, असं वाटायचं."

लढाई संपली. बाबा परतले, दुकान टाकलं, संसार थाटला. कितीतरी वर्षांनी ही दोघं झाली. पण तो खिसा काही सुटला नाही. मुलांच्या झबल्यांत, शाळेच्या गणवेशांत, तिच्या लग्नातल्या पोलक्यातसुद्धा तो होताच. "मास्तर, चोरखिसा दिलात, आता चोरायला पण काहीतरी द्या!" गिऱ्हाइकं हसायची. दादा त्यात गोट्या लपवायचा, ती लिमलेटच्या गोळ्या. धुताना सगळं चिकट व्हायचं आणि आई दोघांना बदडायची, खिसा शिवणाऱ्याला मात्र काही म्हणायची नाही.

मशीन थांबली. बाबांनी दाताने धागा तोडला, झबलं उजेडात धरून पाहिलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने आत बोट घातलं. डावी काख. कापड गुळगुळीत. उजवी काख. तिथेही काही नाही. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ होते, दोन्ही बाह्या जिथल्या तिथे होत्या. तिने पुन्हा डावीकडे चाचपलं, जणू मघापासून तिथे खिसा उगवला असेल.

दादाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पुढे येऊन त्याने मशीनच्या चाकावर हात ठेवला, घरातल्या आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बाबा," ती झबलं पुढे करून म्हणाली, "खिसा राहिला हो."

"हिला कशाला खिसा, चिमणे?"

ती दचकली. लहानपणापासून बाबांची चिमणी तीच. बाबा सरळ तिच्याकडे बघत होते, मग बाळाकडे. पिता पिताच ते झोपलं होतं, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब घेऊन.

"हिचं उद्याचं जेवण तर हिला मांडीवर घेऊन बसलंय," बाबा हसले.

दादाचा हात चाकावरून निघाला. लहानपणी बसायचा तसा तो चिंध्यांच्या ढिगाजवळ जमिनीवरच बसला.

"मग आमच्या झबल्यांना का लावायचात, बाबा?"

बाबांनी सुई सुयांच्या छोट्या गादीत खोचून ठेवली. उन्हातली तुसं आता खाली बसत होती.

"तेव्हा मी अजून घरी पोचलो नव्हतो रे."