येतो

"त्याला एकट्याला नको ना गं मागे ठेवूस," आई म्हणाली.

लॅपटॉपवर माझ्या धाकट्या भावाचा, ओजसचा, अर्धा राहिलेला खेळ होता. फाइलचं नाव 'येतो'. हरत आलेली मोहीम तशीच सोडून तो बाइकवर गेला, तो आलाच नाही.

किल्ला पडला होता आणि राक्षसांची फौज मागे लागली होती. उरलेल्या चार सैनिकांना त्याने घरातलीच नावं दिली होती: आई, बाबा, ताई, ओजस. तिघांना पूल ओलांडायचा तर चौथ्याने पुलावर लढत राहायला हवं होतं. आम्हा तिघांना लढता येत नव्हतं. त्याने आम्हाला कधी लढाईत उतरवलंच नव्हतं.

मी 'ओजस'ला पुलावर उभं केलं. सात वार झेलेपर्यंत टिकला. आम्ही पलीकडे पोचलो.

'मोहीम हरलात. तिघे वाचले,' स्क्रीनवर आलं. मग प्रश्न: कोणत्या नावाने सेव्ह करू?

त्या दिवशी दारातून तो 'येतो' म्हणाला, तेव्हा आई याच खेळावरून चिडली होती. त्याच्या 'येतो'वर काही बोलली नव्हती.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका बोटाने, अक्षरं शोधत लिहिलं:

'ये.'